शीतपेयांतली साखर: बाजूला पडलेला प्रश्न

शीतपेयांवर आपल्याकडे गेली जवळजवळ पन्नास वर्षे भांडणे चालू आहेत. १९७७ मध्ये भांडण परकीय भांडवलाचे होते. परकीय चलन नियमनाच्या 'फेरा' कायद्यानुसार हिस्सा कमी करायला कोका-कोलाने नकार दिला आणि ती कंपनी देशाबाहेर गेली. जनता सरकारने 'डबल सेव्हन' नावाचा सरकारी कोला काढला, पण बाजार मारला तो मुंबईच्या पार्ले कंपनीच्या थम्सअपने. १९९३ मध्ये कोका-कोला परतली. पार्लेच्या रमेश चौहानांनी थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा हे सगळे ब्रँड तिला विकले आणि स्वदेशी-परदेशीचा वाद पुन्हा पेटला. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'ने १२ ब्रँडच्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. प्रकरण संसदेत गेले. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि फेब्रुवारी २००४ च्या अहवालात तिने संस्थेचे निष्कर्ष उचलून धरले. त्यानंतर आले मोबाइलवरचे व्हिडिओ: कोलाने संडास धुणारे, कोलात दात विरघळवून दाखवणारे.

कीटकनाशकांचा वाद रास्तच होता, त्यातून मानके कडक झाली. पण या सगळ्या गदारोळात एक घटक निवांत बसून राहिला. तो बाटलीवर छापलेला आहे, कायदेशीर आहे, शुद्ध आहे, आणि पाण्याखालोखाल सर्वात जास्त प्रमाणात तोच असतो. शीतपेयांमुळे होणाऱ्या रोगांविषयी आज जे भक्कमपणे माहीत आहे, त्याचा बहुतांश भाग त्या साखरेविषयी आहे.

आधी मोजमाप. साध्या कोलात दर १०० मिलीलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत २६ ग्रॅम आणि ६०० मिलीच्या बाटलीत सुमारे ६३ ग्रॅम. चहाच्या चमच्यात चार ग्रॅम धरले तर मोठ्या बाटलीत पंधरा-सोळा चमचे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. लहान बाटलीतच दिवसाचा हा वाटा संपतो. मग चहा, बिस्किटे, जेवणातली चटणी-कोशिंबीर यांतली साखर सगळी वरची.

सहा चमचे साखर घातलेला एक कप चहा कोणी पिऊ शकणार नाही, दुसऱ्या घोटाला नको होईल. कोलातली तेवढीच साखर सहज उतरते, कारण गारव्याने जिभेला गोडी कमी जाणवते आणि फॉस्फोरिक किंवा सायट्रिक ॲसिडचा आंबटपणा तिला झाकतो. फ्रिजबाहेर राहून कोमट झालेला, गॅस उडून गेलेला कोला एकदा चाखून पाहावा. तो पाकासारखा लागतो. आत काय आहे ते तेव्हा कळते.

पण साखर तर लाडूतही आहे. मग पेयालाच वेगळे का काढायचे? याचे उत्तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या एका छोट्या प्रयोगात आहे, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा जणांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी गोड गोळ्यांच्या रूपात दिल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरी सोड्याच्या रूपात. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोक नकळत इतर जेवण तेवढे कमी करत होते. सोडा प्यायला तेव्हा जेवण होते तेवढेच राहिले आणि पेयाच्या कॅलरी वर चढल्या. चावून खाल्लेले पोटाला कळते. प्यायलेली साखर भुकेच्या हिशेबात धरलीच जात नाही.

पंधरा जणांवरून जगाचा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून नेदरलँड्समधला २०१२ चा प्रयोग मला सर्वात मोलाचा वाटतो. तिथे सुमारे पाच ते बारा वयाच्या ६४१ मुलांना शाळेत रोज एक २५० मिलीचा डबा दिला गेला. निम्म्यांच्या डब्यात साखर, निम्म्यांच्या डब्यात साखरेशिवाय गोडी, आणि कोणाला काय मिळते हे मुलांनाही माहीत नव्हते आणि देणाऱ्यांनाही. अठरा महिन्यांत साखरवाल्या गटाचे वजन सरासरी ७.३७ किलोने वाढले, दुसऱ्या गटाचे ६.३५ किलोने. वाढत्या वयात वजन वाढणारच, पण दोन गटांमधला तो एक किलो केवळ रोजच्या एका डब्याचा. आहारशास्त्रात इतके स्वच्छ उत्तर क्वचित मिळते.

मधुमेहाबाबत असा प्रयोग करता येत नाही. माणसांना दहा वर्षे कोला पाजून त्यांना मधुमेह होतो का हे पाहणे कोणत्याही नीतीत बसणार नाही. तिथे हजारो लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांवरच अवलंबून राहावे लागते. २०१० मध्ये अशा आठ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली. रोज एक-दोन गोड पेये पिणाऱ्यांना, ती जवळजवळ न पिणाऱ्यांपेक्षा, टाइप-२ मधुमेहाचा धोका २६ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने आणखी मोठा आढावा छापला. त्यात रोजच्या प्रत्येक पेयामागे धोका १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि लठ्ठपणाचा परिणाम गणितातून वजा केल्यावरही १३ टक्के उरला. हा उरलेला आकडा महत्त्वाचा आहे. वजन न वाढलेल्या माणसालाही ही साखर काही तरी करते, असे तो सांगतो.

या टक्क्यांचा अर्थ नीट लावायला हवा. ज्या गटात शंभरातल्या दहा जणांना एरवी मधुमेह झाला असता, तिथे १८ टक्के वाढ म्हणजे जवळपास बारा जणांना. एका माणसाच्या दृष्टीने ही वाढ मोठी वाटणार नाही. पण भारतात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने मधुमेहींची संख्या १०.१ कोटी आणि उंबरठ्यावर असलेल्यांची १३.६ कोटी सांगितली आहे. एवढ्या मोठ्या संख्येवर दोन-तीन टक्क्यांचा फरकही कित्येक लाख कुटुंबांत औषधाच्या गोळ्या, डायलिसिस आणि पायाच्या जखमा घेऊन येतो. २०२५ च्या आरंभी 'नेचर मेडिसिन'मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात मधुमेहाची सुमारे २२ लाख आणि हृदयरोगाची सुमारे १२ लाख नवी प्रकरणे गोड पेयांच्या खात्यावर जातात.

साखर शरीरात गेल्यावर तिचे दोन भाग होतात: अर्धे ग्लुकोज, अर्धे फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळ्या शरीराला चालते. फ्रुक्टोजचा मोठा भाग यकृतालाच निस्तरावा लागतो. पेयातून ते एकदम आणि भरपूर आले की यकृत त्याची चरबी करते. कॅलिफोर्नियात २००९ मध्ये जाड प्रौढांना दहा आठवडे एकूण कॅलरींचा चौथा हिस्सा गोड पेयांतून दिला होता, काहींना ग्लुकोजचा, काहींना फ्रुक्टोजचा. वजन दोघांचे सारखेच वाढले. पोटाच्या आत, अवयवांभोवती साचणारी चरबी मात्र फ्रुक्टोजवाल्यांमध्ये वाढली आणि त्यांच्या शरीराची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता घटली. याच प्रक्रियेत युरिक ॲसिडही वाढते. रोज दोन किंवा जास्त गोड पेये पिणाऱ्या पुरुषांमध्ये गाऊटचा धोका ८५ टक्क्यांनी जास्त असल्याचे २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले होते. पायाच्या अंगठ्याचा तो असह्य ठणका ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या आकड्याचे वजन कळेल.

इथे एक गैरसमज काढायला हवा. अमेरिकेत पेयांत मक्याचा साखरपाक घालतात, आपल्याकडे उसाची साखर, म्हणून आपले पेय बरे, असे अनेक सुशिक्षित लोक मानतात. उसाच्या साखरेतही निम्मे फ्रुक्टोजच असते. यकृताच्या दृष्टीने दोन्हींत सांगण्यासारखा फरक नाही.

आपल्या शरीराचा प्रश्न मात्र खरोखर वेगळा आहे, आणि तो जगाला पुण्यातून समजला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी बारीक. पण त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र टिकून होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, नेमका २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बाहेरून सडसडीत, आतून चरबीदार अशी ही आपली ठेवण आहे. म्हणूनच 'माझे कुठे वजन वाढलेय' हा युक्तिवाद मराठी घरात फसवा ठरतो. वजनकाटा शांत असतानाही यकृतात चरबी साचत असते, आणि आपल्याकडे मधुमेह युरोपीय लोकांपेक्षा लवकर आणि कमी वजनाला गाठतो.

दातांचे पाहू. इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास असतो. म्हणजे हल्ला दोन बाजूंनी होतो: पेयातले ॲसिड थेट, आणि तोंडातले जंतू साखरेपासून तयार करतात ते ॲसिड मागाहून. लाळ हे सगळे हळूहळू निवळवते, पण तिला वेळ लागतो. त्यामुळे एका दमात संपवलेल्या पेल्यापेक्षा दुपारभर घोट-घोट प्यायलेली बाटली दातांना जास्त वाईट. लगेच ब्रश करणेही बरे नाही, कारण मऊ पडलेले इनॅमल घासून निघते. व्हिडिओवाले त्याच ॲसिडने पोट जळते म्हणतात, ते मात्र खरे नाही. जठरातले ॲसिड कोलापेक्षा तीव्र असते.

आपल्याकडे शीतपेय औषध म्हणूनही प्यायले जाते. जेवण जड झाले, पित्त झाले, गॅस धरला, की सोडा किंवा थम्सअप. ढेकर येतो आणि हलके वाटते. तो ढेकर बहुतेक बाटलीतल्याच वायूचा असतो, आणि ज्यांना छातीत जळजळ होते त्यांची ती या पेयांनी वाढू शकते. चक्कर आली, अशक्तपणा वाटला, दवाखान्यात कोणाला पाहायला जायचे झाले, तरी हातात बाटली असते. एका प्रसंगी मात्र ती खरोखर कामाची असते. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहीची रक्तशर्करा अचानक खाली गेली, घाम फुटला, हात कापू लागले, तर सुमारे १५० मिली साधे गोड पेय लगेच द्यावे. त्यातून पंधरा ग्रॅम साखर मिळते आणि ती मिनिटांत रक्तात पोचते. ज्या वेगामुळे ती तिथे उपयोगी पडते, तोच वेग इतर सगळ्या दिवशी स्वादुपिंडाला थकवतो.

एवढे पुरावे असताना 'अजून संशोधन हवे' हे वाक्य इतकी वर्षे का ऐकू येत राहिले? १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना पैसे दिले आणि १९६७ मध्ये हृदयरोगाचा दोष चरबीकडे वळवणारा, साखरेला सोडून देणारा आढावा छापून आला. ही कागदपत्रे २०१६ मध्ये उजेडात आली. त्याच्या आदल्या वर्षी, व्यायामच मुख्य आणि आहार दुय्यम असे सांगणाऱ्या 'ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क'ला कोका-कोलाचा पैसा होता हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दाखवले आणि ती संस्था बंद पडली. २०१३ मध्ये तर आढाव्यांचाच आढावा घेतला गेला. उद्योगाशी आर्थिक संबंध असलेल्यांचे लेख 'वजनवाढीशी संबंध सिद्ध नाही' असा निष्कर्ष काढण्याची शक्यता इतरांच्या पाचपट होती. मला हे सगळे वाचून मनस्वी राग येतो. शंका ही विज्ञानाची सर्वात मौल्यवान गोष्ट, आणि ती विकत घेऊन मुलांच्या तब्येतीविरुद्ध वापरली गेली.

महाराष्ट्राला या प्रश्नात आणखी एक अवघडलेपण आहे. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यापासून आपले सहकारी राजकारण साखरेवर उभे राहिले. देशातल्या साखरेचा निम्म्याहून अधिक वाटा घराघरांत न जाता मिठाई, बिस्किटे, पेये अशा उद्योगांकडे जातो. मार्च-एप्रिलात शीतपेयवाल्यांची खरेदी सुरू झाली की कोल्हापूर-सांगलीच्या बाजारात भावाला जोर येतो. ऊसउत्पादकाचे पोट ज्यावर आहे त्या वस्तूविरुद्ध बोलायला इथला कोणताही पुढारी धजावत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण उसापासून इथेनॉल करण्याचा पर्याय आता हाताशी असताना तीच सबब चालणार नाही.

आणि हा प्रश्न कोलापुरता नाही. मुलांना कोला न देणारे पालक आंब्याचे टेट्रापॅक बिनधास्त देतात. अशा अनेक पेयांत आंब्याचा गर पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि साखर कोलाइतकी किंवा जास्त. फळाचे चित्र असल्याने ते पौष्टिक वाटते. जुलाब झालेल्या बाळाला 'ओआरएस' नाव लावलेली गोड पेये दिली जात होती, हे तर भयंकर होते. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, या पेयांत त्याच्या कितीतरी पट साखर होती, आणि इतकी साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवू शकते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना 'ओआरएस' हे नाव वापरायला बंदी केली.

स्वदेशी पेयांनाही सरसकट सूट देता येत नाही. रसवंतीतल्या उसाच्या रसाच्या एका ग्लासात पंचवीस-तीस ग्रॅम साखर सहज असते. बाजारातले कोकम सिरप बहुतेक साखरच. ताक, सोलकढी, घरचे बेताचे गोड पन्हे यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे चमचा आपल्या हातात असतो.

साखरेशिवायची 'डाएट' पेये? वजनाच्या दृष्टीने ती साखरेच्या पेयांपेक्षा बरी, हे नेदरलँड्सच्या मुलांनी दाखवलेच. पण जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नये असे सांगितले, कारण दीर्घकाळात फायदा दिसत नाही. त्याच वर्षी ॲस्पार्टेमला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकले गेले, पण शरीराच्या किलोमागे ४० मिलीग्रॅम ही रोजची मर्यादा कायम राहिली. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा डबे प्यावे लागतील. त्याची धास्ती घेऊन पुन्हा साखरेच्या बाटलीकडे वळणे हा वेडेपणा होईल.

आता सरकारने करायच्या गोष्टी. मेक्सिकोने जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरला एक पेसो कर लावला. पहिल्या वर्षी खरेदी ५.५ टक्क्यांनी घटली, दुसऱ्या वर्षी ९.७ टक्क्यांनी. ब्रिटनने एप्रिल २०१८ मध्ये जास्त हुशारीने काम केले. १०० मिलीला पाच ग्रॅमच्या खाली साखर असेल तर कर नाही, पाच ते आठला तेव्हा लिटरमागे १८ पेन्स, आठच्या वर २४ पेन्स. कर चुकवायचा तर साखर कमी करा, असा हिशेब कंपन्यांपुढे आला आणि त्यांनी ती केली. पुढे किडलेले दात काढण्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा १२ टक्क्यांनी कमी आढळले.

भारतात वायुयुक्त पेयांवर २०१७ पासून एकूण ४० टक्के कर आहे. ऐकायला तो मेक्सिकोपेक्षा जबरदस्त वाटतो. पण तो साखर पाहतच नाही. साखर नसलेल्या डाएट कोलावरही ४० टक्केच. आणि सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी फेररचनेत, वायू नसलेल्या फळांच्या पेयांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यांत कितीही साखर असो. म्हणजे आपण बुडबुड्यांवर कर लावला आहे. दरम्यान २०० मिलीचा कोला पुन्हा दहा रुपयांना मिळू लागला आहे. जीएसटी परिषदेने ग्रॅमनुसार टप्पे केले, तर महसूल बुडणार नाही आणि शेतमालाच्या नावाखाली साखर विकण्याचे आमिष संपेल.

शाळांबाबत आदेशांची वाण नाही. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड आणि शीतपेये हटवायला सांगितले, २०२० च्या केंद्रीय नियमांनी फाटकापासून ५० मीटरपर्यंत त्यांची विक्री रोखली, २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांत साखरेचे फलक लावायला सांगितले. फलक चांगलेच. पण फाटकासमोरच्या टपरीवरचा कंपनीने फुकट दिलेला लाल-निळा फ्रिज जागचा हललेला नाही. चिलीने २०१६ मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूला 'साखर जास्त' असे काळे अष्टकोन सक्तीचे केले, जाहिरातींवर बंधने घातली, आणि अशा पेयांची खरेदी जवळपास चोवीस टक्क्यांनी घटली. आपल्याकडे २०२२ च्या मसुद्यात ताऱ्यांची पद्धत सुचवली गेली. तिच्यात फळांच्या प्रमाणाला गुण मिळतात, त्यामुळे साखरेचा दोष झाकला जाऊ शकतो. चिलीसारखा सरळ इशाराच हवा.

आणि हवे पाणी. मेक्सिकोच्या चियापास राज्यात सान क्रिस्तोबाल नावाचे शहर आहे. तिथे नळाला धड पाणी नाही, कोलाचा कारखाना मात्र जवळ, आणि माणसे रोज लिटरांनी कोला पितात. मधुमेह तिथे घरोघरी आहे. भर उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एखाद्या एसटी स्थानकावर उभे राहिले की हे दूरचे वाटत नाही. पाणपोई कोरडी, नळाखाली हिरवे शेवाळ, पाण्याची बाटली वीस रुपयांना आणि थंडगार कोला दहाला. तहानलेल्या मजुराने, शाळेतून परतणाऱ्या मुलीने दहा रुपयांत कोला घेतला तर त्यांना आहाराचे धडे देण्यात अर्थ नाही. शीतपेयांवरच्या करातून दर स्थानकावर आणि दर शाळेत गार, स्वच्छ पाण्याचे नळ बसवायचे, तर त्या पैशाचा हिशेब करायला तज्ज्ञसमिती लागणार नाही.